एकोणीस नंबरच्या झाडाचे डोळे

डोळा भरण्यात अंपारो कांतूचा हात धरील असं माणूस साऱ्या रिजवर, फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या त्या लांब टेकाडावर, नव्हतं. डाव्या हातात डोळकाडी, उजव्यात बोटभर पात्याचा चाकू. खुंटाच्या सालीत चीर पाडायची, काडीवरून अंकुराचा नखाएवढा डोळा उतरवायचा, तो चिरेत अलगद सरकवायचा आणि मान वर न करता पुढच्या खुंटाकडे वळायचं. मागून तिची भावजय चायो प्लास्टिकची पट्टी गुंडाळत यायची. दिवसाकाठी दोघी मिळून दोन हजार रोपं बांधत. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या की शंभरातले पंच्याण्णव-सत्त्याण्णव डोळे जिवंत निघत, आणि उरलेल्या तीन-चारांची अंपारोला दोन दिवस चुटपुट लागून राही.

हे काम तिने बापाकडून उचललं होतं. मेक्सिकोतल्या माँतेमोरेलोसला तो संत्र्याची कलमं बांधायचा. ती फ्लोरिडात आली बाविसाव्या वर्षी, आणि आली ती थेट अल्ब्रिटनांच्या नर्सरीत. त्याला चौतीस वर्षं झाली. नवरा एलिसेओ फळतोडणीच्या टोळीत होता, तो जाऊन सात वर्षं झाली. मुलगी लग्न करून टेक्सासला गेली. रिजवरच्या कुठल्याही बागेपाशी गाडी थांबवा, निम्मी झाडं अंपारोच्या हातची निघत. पण ही पूर्वीची गोष्ट. आता बागाच उरल्या नव्हत्या.

ग्रीनिंग येऊन वीस वर्षं होत आली होती. तिळाएवढा सायला किडा कोवळ्या पालवीला सोंड लावतो आणि झाडाच्या रसात रोग सोडून जातो, एवढंच. मग पान अर्धंमुर्धं पिवळं पडतं, फळ वाकडं होतं, बुडाशी हिरवंच राहतं, चाखलं तर कडू लागतं, आणि पिकायच्या आधीच झाडाखाली सडा पडतो. औषध नाही. लोकांनी फवारून पाहिलं, झाडांवर तंबू घालून वाफ देऊन पाहिलं, रविवारी चर्चमध्ये हात जोडून पाहिले. रसाचे कारखाने एकामागून एक बंद पडले. बागा उपटून तिथे घरांच्या कॉलन्या उठल्या, आणि त्या कॉलन्यांना नावं मात्र संत्र्यांचीच दिली.

अशा वेळी एकोणीस नंबरचं झाड निघालं.

विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात डॉ. मिरियम ऑस्टर म्हणून एक बाई होत्या. उंच, किडकिडीत, बोलताना चष्मा काढून हातात धरणाऱ्या. त्यांनी एका रानकांद्यातलं जनुक संत्र्याच्या पेशीत घातलं होतं. त्या जनुकामुळे झाडाच्या रसात एक द्रव्य तयार व्हायचं आणि ते ग्रीनिंगच्या जिवाणूला मारायचं, निदान काचेच्या नळीत तरी. अशी साठ रोपं त्यांनी मुद्दाम एका रोगट बागेच्या मधोमध लावली. चार वर्षांत एकोणसाठ पिवळी पडली. एकोणीस नंबर पडलं नाही. पाचव्या वर्षी नाही, नवव्या वर्षीही नाही.

पहिल्या काड्या कापायला अंपारोलाच बोलावलं होतं. भोवती सगळे वाळलेले खराटे आणि मधे ते एकच गर्द हिरवं झाड, फळांनी फांद्या टेकलेल्या. तिने एक संत्रं तोडून तिथेच सोललं. रस कोपरापर्यंत ओघळला. ती खाता खाता थांबली तेव्हा डॉक्टरबाईंनी काळजीने विचारलं, काही चुकलं का? अंपारो म्हणाली, नाही, खूप वर्षांनी गोड लागलं.

परवानग्या मिळायला आणखी तीन वर्षं गेली. मग रोपं करायचं काम अल्ब्रिटनांच्या नर्सरीकडे आलं. एका झाडाच्या काड्या निघून निघून किती निघणार? पहिल्या फेरीत तीनशे रोपं झाली. ती वाढल्यावर त्यांच्याच काड्या कापून दुसऱ्या फेरीत पाच हजार, आणि दुसरीच्या काड्यांवर तिसऱ्या फेरीत चाळीस हजार. सगळं काम जाळीच्या बंदिस्त घरांत, दोन दोन दारांच्या आत, सायला शिरू नये म्हणून. दर फेरीची पानं प्रयोगशाळेत जायची. जनुक आहे की नाही? आहे, असा कागद परत यायचा. नर्सरीचा मालक हार्लन अल्ब्रिटन ते कागद चौकटीत बसवून ऑफिसच्या भिंतीवर लावायचा. आजाने काढलेली नर्सरी आपल्या हयातीत बंद पडणार असं तो धरून चालला होता. आता साठीला आल्यावर त्याच्या अंगात पुन्हा जीव आला होता.

तिसऱ्या फेरीची पहिली सातशे रोपं तयार झाली तेव्हा हार्लनने अंपारोला गाडीत बसवलं आणि तळ्याच्या कडेच्या मोकळ्या पाच एकरांवर नेलं.

"हे तुझं," तो म्हणाला. "कागद करून ठेवलेत. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या बागा भरल्यास. आता एक स्वतःची भर."

अंपारोने विचारलं, पाण्याची लाइन कुठवर आलीय?

ती सातशे झाडं तिने, चायोने आणि भावाने मिळून चार रविवारांत लावली. रोज काम सुटलं की ती घरी जाण्याआधी तळ्याकडे वळायची. चायो चिडवायची, "ताई, एलिसेओभाऊजी असतानासुद्धा तू घरी जायची एवढी घाई केली नव्हतीस." अंपारो हसायची. झाडंही तशी होती. वर्षात छातीला लागली. रिजवरचे बागाईतदार गाड्या थांबवून कुंपणापाशी येत, एखादं पान चुरगळून वास घेत, आणि नर्सरीत जाऊन नाव नोंदवत.

चौदाव्या महिन्यात, ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी, पाचव्या ओळीत तिला ते पान दिसलं.

जस्त कमी पडलं तरी संत्र्याचं पान पिवळं पडतं. पण ते दोन्ही अंगांनी सारखं पडतं. मधल्या शिरेवर दुमडलं तर पिवळ्यावर पिवळं आणि हिरव्यावर हिरवं बसतं. ग्रीनिंगचं पान जुळत नाही. अंपारोने ते पान दुमडलं. उलगडून पुन्हा दुमडलं. मग ती खाली बसली आणि त्या झाडाची आणखी सहा पानं पाहिली. अंधार पडेपर्यंत तिने तीन ओळी पालथ्या घातल्या आणि एकतीस झाडं मोजली.

त्या दिवशी ती कुणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिने स्वतःला सांगितलं की पाऊस जास्त झालाय, मुळं गुदमरली असतील. पण वीस वर्षं जिने ग्रीनिंग पाहिलं तिला ग्रीनिंग ओळखता येत नाही असं कुठे असतं? ती सकाळी नर्सरीत जायची, दोन हजार डोळे भरायची, आणि संध्याकाळी तळ्यावर जाऊन पिवळी पानं तोडून खिशात घालायची. तोडून काही होणार नव्हतं हे तिलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं. सांगितलं की त्याच दिवशी नर्सरीच्या दारांना कुलपं लागणार, आणि आपली सातशे झाडं सगळ्यांच्या आधी उपटली जाणार, हे तिला दिसत होतं. आजचा दिवस जाऊ दे, असं ती रोज म्हणायची.

"ताई, तुझं काहीतरी बिनसलंय," चायो म्हणाली. "सकाळपासून तीन डोळे उलटे बसवलेस. मी गुपचूप सरळ केले."

"चष्म्याचा नंबर बदलला असेल," अंपारो म्हणाली.

नवव्या दिवशी डेल्मर प्लॅटची गाडी आली.

डेल्मर चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याच्या बापाची आणि त्याची मिळून रिजवर साठ वर्षांची बाग होती. ती त्याने गेल्या हिवाळ्यात झाडून सगळी उपटून पेटवली होती, नव्या झाडांसाठी. घरांच्या कंपनीची माणसं तीनदा येऊन गेली. तिन्ही वेळा त्याने त्यांना ओसरीवर बसवलं, गोड चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. एलिसेओ गेला त्या आठवड्यात हाच माणूस भाजलेलं डुकराचं मांस घेऊन अंपारोच्या दारी आला होता आणि पायरीवर दोन तास बसून, एक अक्षर न बोलता, उठून गेला होता. भेटायला आलेल्या सगळ्यांत तिला तेवढाच खरा वाटला होता.

चार हजार दोनशे रोपं गाडीवर चढत होती. हार्लनने प्रयोगशाळेच्या कागदांची फाइल डेल्मरपुढे धरली. डेल्मरने ती उघडलीच नाही.

"अंपारो, ही तुझ्या हातची ना?"

"हो."

"सगळी?"

"सगळी, मिस्टर डेल्मर."

"मग कागद राहू दे," तो हार्लनला म्हणाला, आणि फाइल परत केली.

अंपारोने तोंड उघडलं होतं. खरोखर उघडलं होतं. पण नेमका त्या वेळी ड्रायव्हरने गाडीचा मागचा फाळका आपटून लावला, डेल्मर वळून टोपी सारखी करत पुढे गेला, आणि ती तशीच उभी राहिली. पुढे किती तरी महिने तिला वाटत राहिलं की त्या फाळक्याचा आवाज झाला नसता तर आपण बोललो असतो. मग तेही वाटेनासं झालं.

अकराव्या दिवशी तिने खिशातली पानं हार्लनच्या टेबलावर ओतली. काही वाळून कुरकुरीत झाली होती, त्यामुळे कधीपासून गोळा केली हे वेगळं सांगावं लागलं नाही. हार्लनने एक पान दुमडून पाहिलं, मग दुसरं. मग तो खुर्चीत मागे टेकला आणि बराच वेळ भिंतीवरच्या चौकटींकडे बघत राहिला. शेवटी त्याने डॉक्टरबाईंना फोन लावला.

तीन आठवडे तपासण्या चालल्या. नर्सरीतली, अंपारोच्या बागेतली, डेल्मरकडची, सगळीकडची पानं गेली. निकाल सांगायला डॉक्टरबाई स्वतः आल्या. जनुक सगळ्या झाडांत होतं. एकूण एक झाडात, जसं घातलं तसं. फक्त तिसऱ्या फेरीतल्या शंभरांपैकी ऐंशी झाडांत ते काम करत नव्हतं. रसात त्या द्रव्याचा थेंबही नव्हता.

हार्लनला ते समजेना. आहे, पण नाही, म्हणजे काय? डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. बाहेरून आणून बसवलेलं जनुक झाडाला कधी कधी परकं वाटतं, त्या म्हणाल्या. ते काढून टाकणं झाडाला जमत नाही, मग झाड त्याला टाळं लावून ठेवतं. एका फांदीत टाळं लागलं की रसावाटे तो निरोप दुसऱ्या फांद्यांनाही पोचतो. आणि त्या फांदीची काडी कापून नवं रोप केलं, की ते रोप टाळ्यासकटच जन्माला येतं. पहिल्या फेरीत शंभरात चारपाच झाडं तशी झाली असतील. सगळ्यांच्याच काड्यांवरून दुसरी फेरी, दुसरीवरून तिसरी, आणि दर फेरीत आणखी टाळी. जाळीच्या घरात रोगच नव्हता, तेव्हा कुणाचं टाळं बंद आणि कुणाचं उघडं हे कळणार कसं?

"आणि तुमचे कागद?" हार्लनने विचारलं.

"ती तपासणी एवढंच विचारत होती, की जनुक आहे का," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालू आहे का, हे आम्ही एकोणीस नंबरलाच विचारलं होतं. त्याच्या पोरांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ती चूक माझी."

अंपारो दाराशी उभी होती. तिने विचारलं, चाकूने झालं का हे?

"चाकूने नाही."

"मग डोळा भरल्यामुळे?"

"काडी कापली की झाड जखमी होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नव्याने फुटतं. दर वेळी तसं फुटताना हे व्हायची शक्यता असते. तुमच्या हातात काही खोट नाही, अंपारो. पण झाडं वाढवायचा दुसरा मार्गही आपल्याकडे नाही. बियांपासून केलं तर फळ यायला दहा वर्षं, आणि टाळं तिथेही लागत नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

संध्याकाळी हार्लनने गाऱ्हाण्याचा एक शब्द न काढता सगळ्या बागाईतदारांना एकेक करून फोन केले. डेल्मरचा नंबर आला तेव्हा अंपारो म्हणाली, त्यांना मी सांगते. हार्लनने तिच्याकडे पाहिलं आणि फोन खाली ठेवला. अकरा दिवसांबद्दल तो तिला तेव्हाही काही बोलला नाही, नंतरही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

डेल्मर बागेतच होता, गुडघ्यावर बसून ठिबकच्या नळीचं तोंड काडीने कोरत. रोपं कमरेलाही आली नव्हती. वाळूत ओळीने उभी होती, शाळेतल्या पोरांसारखी. अंपारोने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. जनुकाचं सांगितलं, टाळ्याचं सांगितलं, आणि थांबली असती तर चाललं असतं तिथे न थांबता पानाचंही सांगितलं.

"कधी पाहिलंस?" त्याने विचारलं.

"तुमची गाडी भरली त्याच्या नऊ दिवस आधी."

त्याने नळीचं तोंड साफ करून परत बसवलं. पाण्याचा थेंब धरला का ते पाहिलं.

"माझे पाच एकर होते, मिस्टर डेल्मर. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं..."

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "डॉक्टरबाई म्हणते शंभरातली वीस अजून चालू आहेत?"

"हो."

"मग कुठली वीस ते दाखव. बाकीची काढतो. आठशे राहतील, आठशे तर आठशे."

तो उठला. गुडघे धरले होते म्हणून तिने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. दोघं ओळीतून चालू लागले. अंपारो प्रत्येक झाडापाशी थांबे, पालवी हातात घेई, पान उन्हात धरून पाही, दुमडून पाही, सालीवर नख फिरवी. सगळी सारखी होती. सगळी हिरवी, टवटवीत, रोग अजून पोचायचा होता. कुणाच्या रसात काय आहे हे पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेत एकेका झाडाची तपासणी करायला आठ आठ दिवस लागत, आणि आज चालू निघालेलं झाड उद्या बंद होणार नाही याचा भरवसा डॉक्टरबाईसुद्धा देत नव्हत्या. तरी ती बघत राहिली. साऱ्या रिजवर हिच्याइतका तयार डोळा कुणाचा नाही, असं ज्याने चारचौघांत शंभरदा म्हटलं होतं, तो माणूस शेजारी उभा राहून वाट पाहत होता.

चौथ्या ओळीच्या टोकाला तो म्हणाला, "पुरे."

"मिस्टर डेल्मर, मी उद्या पुन्हा—"

"मी ती फाइल उघडली नाही," तो म्हणाला. "उघडली असती तरी त्यात जनुक आहे एवढंच होतं म्हणा. कागदाने मला फसवलंच असतं. कागदाचं मला काही वाटलं नसतं."

एवढं बोलून तो घराकडे चालू लागला. इतक्या वर्षांत त्याच्या बागेतून ती चहा न घेता कधी परतली नव्हती. ती गाडीत जाऊन बसली आणि किल्ली फिरवली.

नोव्हेंबरात तिची सातशे झाडं निघाली. लोडरवाला ओळखीचा होता. तो म्हणाला, तुम्ही नका थांबू. ती थांबली. वाळूतून झाड उपटायला काही लागत नाही, लोडरचा दात लावला की गाजरासारखं वर येतं. दुपारपर्यंत पाचही एकर मोकळे झाले आणि ढिगाऱ्याला काडी लावली. ओला पाला धुमसत राहिला. नर्सरीतल्या जाळीच्या घरांतली रोपं त्याच आठवड्यात गेली. डेल्मरने मात्र काही काढलं नाही. तो रोज पाणी घालत राहिला, चार हजार दोनशे झाडांना, जणू त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

फेब्रुवारीत डॉक्टरबाईंचा निरोप आला. एकोणीस नंबरचं झाड त्यांनी फांदीफांदीने तपासलं होतं. ज्या अंगाने काड्या कापल्या होत्या त्या अंगाच्या सगळ्या फांद्या बंद पडल्या होत्या आणि तिथली पानं आता पिवळी पडत होती. फक्त शेंड्याकडची एक फांदी अजून चालू होती. तिचे चोवीस डोळे मिळतील. अंपारो भरून देईल का?

चायो म्हणाली, "जाऊ नकोस ताई. आणखी एकदा जिवाला लावून घेशील."

अंपारो गेली. संशोधन केंद्रातल्या छोट्या काचघरात तिने ते चोवीस डोळे भरले. एरवी ज्या कामाला दहा मिनिटं लागली असती त्याला सकाळ लागली. पट्ट्याही तिनेच गुंडाळल्या. तीन आठवड्यांनी सोडल्या तेव्हा चोवीसच्या चोवीस डोळे धरले होते. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि बापाच्या हातून झालेलंही तिने ऐकलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला.

मेमध्ये पहिली तपासणी झाली. एकवीस बंद, तीन चालू. तीन म्हणजे शून्य नव्हे. अंपारो दर शनिवारी पाऊण तास गाडी हाकत त्या तिघांना बघायला जायची. बघण्यासारखं तसं काही नव्हतं. वीतभर फुटवा, चार-सहा पानं. डॉक्टरबाईंनी त्यांना बाकीच्यांपासून लांब, वेगळ्या बाकावर ठेवलं होतं. त्यांच्या काड्या कापायचा विषय दोघींपैकी कुणी काढत नव्हतं. कापल्याशिवाय तिघांची तीनच राहणार, आणि कापली तर काय होणार ते ठाऊक होतं.

जूनमध्ये डेल्मरने जमीन घरांच्या कंपनीला दिली. त्याच्या झाडांवर पहिली पिवळी पानं एप्रिलमध्येच आली होती. तो जॉर्जियाला बहिणीकडे राहायला गेला, हे अंपारोला किराणा दुकानात कळलं, आणि तो जाऊन तेव्हा दहा दिवस उलटले होते.

हार्लनने नर्सरी बंद केली नाही. जाळीच्या घरांत तो आता नव्या कॉलन्यांच्या कुंपणांसाठी झुडपं करू लागला. तिथे डोळा भरायची गरज नसते. फांदीचे तुकडे कापायचे आणि मातीत खोचायचे, कुणालाही येतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अंपारो तेच करत असताना फोन वाजला. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिन्ही बंद पडली. एक गेल्या महिन्यातच पडलं होतं, पण तपासणीत चूक असेल म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. केंद्राने हे काम थांबवायचं ठरवलंय. नियमाप्रमाणे चोवीसही रोपं वाफेच्या भट्टीत घालून मारावी लागतील. शुक्रवारी.

"तुम्ही यायलाच हवं असं नाही," त्या म्हणाल्या. "इथली माणसं करतील."

"येते," अंपारो म्हणाली.

शुक्रवारी दोघींनी मिळून रोपं कुंड्यांतून काढली, माती झटकली आणि जाड पिशव्यांत भरली. रोपं निरोगी होती. जोडाची जागा शोधूनही सापडत नव्हती. पिशव्या भट्टीत ठेवून डॉक्टरबाईंनी दार फिरवून घट्ट केलं, बटण दाबलं, आणि चाळीस मिनिटं लागतील म्हणाल्या. समोरच्या बाकावर दोघी बसल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, सप्टेंबरात त्या निवृत्त होणार. ओहायोला त्यांच्या भावाचं घर आहे. तिथे संत्री येत नाहीत. अंपारोने विचारलं, एकोणीस नंबरचं काय करणार? काही नाही, त्या म्हणाल्या, आहे तोवर उभं राहील. त्या शेताला कुंपण आहे.

भट्टीचा काटा चढला, बराच वेळ एका जागी राहिला आणि उतरला. दार उघडलं तेव्हा खोलीभर उकडलेल्या पाल्याचा वास पसरला. अंपारोने हातमोजे घातले आणि पहिली पिशवी बाहेर ओढली. ती गरम होती आणि निम्म्याहून लहान झाली होती.